कवडीची बांग

मित्रांनो, मी एक म्हातारी गावठी कोंबडी आहे. खर्डीहून तानसाच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचा पाडा आहे. तिथे बाईजाच्या अंगणात येऊन तुम्ही मला पाहिलेत, तर माझ्या बोलण्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या डोक्यावर मोठा लाल तुरा आहे. शेपटीची पिसे विळ्यासारखी वाकलेली आहेत. पायांमागे टोकदार काटे आले आहेत. उजाडायच्या आधी मी मान ताणून बांगसुद्धा देते. नवा माणूस मला पाहून म्हणतो, "कोंबडा रुबाबदार आहे!" मी मुकाट्याने दाणे टिपत राहते. पण मित्रांनो, मी कोंबडा नाही. मी अंडी घातली आहेत, पिल्ले काढली आहेत, घारीची सावली पडताच त्यांना पंखाखाली ओढले आहे. अंगावर काळे-पांढरे ठिपके आहेत म्हणून बाईजाने माझे नाव कवडी ठेवले.

माझा जन्म बाईजाच्याच खुराड्यात झाला. पाठीमागे भाताची खाचरे, त्यापलीकडे सागाची झाडे, आणि अंगणात एक जुने मोहाचे झाड. माझा जीव लहानपणापासून थोडा उतावीळच. बाकीची पिल्ले आईच्या पोटाखाली गरम होऊन झोपायची, मी मात्र सारखी डोके बाहेर काढून बघायची. पाऊल वाजले की दचकायची. मोठी झाल्यावरही मला एका जागी बसवत नसे. फक्त खुडूक झाले, अंड्यांवर बसले, की सगळी धडपड आपोआप थांबायची. ते दिवस मला फार आवडत. पोटाखाली अंडी, अंड्यांत हलणारे जीव, आणि बाहेर बाईजाची चाहूल.

बाईजा माझी मालकीण. तिचा नवरा रामू पावसाळ्याच्या तोंडावर तापाने गेला, तेव्हा तिची मुलगी संजीवनी अजून मांडीवरची होती. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, पेरा व्हायचा होता. नांगर धरायला घरात पुरुष नव्हता. शेजारीच राहणाऱ्या दिराकडे, कुंडलिककडे, तिने बैल मागितले. तो म्हणाला, माझंच अजून व्हायचंय. मग बाईजा माहेरी गेली, भावाचे बैल घेऊन आली आणि तिने स्वतः नांगर धरला. बाईने नांगर धरला म्हणून पाड्यात खूप कुजबुज झाली. यंदा पाऊस पडायचा नाही, असे लोक म्हणाले. पाऊस पडला. भात पिकले. तरी कुजबुज थांबायला बरीच वर्षे गेली. ही हकीकत मी ओटीवरच्या गप्पांत इतक्यांदा ऐकली आहे, की ती मी स्वतः पाहिली असेच मला वाटते.

माझ्या ऐन उमेदीत बाईजा मला फार मानायची. "माझी कवडी म्हणजे घरची लक्ष्मी," असे ती शेजारणींना सांगायची. माझी अंडी खर्डीच्या बाजारात जायची, माझी पिल्ले पाड्यात घरोघरी गेली. तिचा हात पाठीवरून फिरला की मी डोळे मिटून घ्यायची.

मग एका पावसाळ्यानंतर माझे पोट दुखू लागले. डाव्या बाजूला काहीतरी जड झाल्यासारखे वाटे. अंडे येईल म्हणून मी टोपलीत जाऊन बसायची, आणि काहीच न होता उठायची. पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. हळूहळू दुखणे कमी झाले, पण अंडी बंद झाली. पिसे गळाली आणि नवी आली, ती वेगळीच. मानेवरची पिसे लांब आणि चकचकीत. शेपटी वाकडी. तुरा वाढू लागला. मला खुडूक व्हावेसे वाटेना. इतर कोंबड्या माझ्यापासून बाजूला सरकू लागल्या, आणि आमचा कोंबडा माझ्याकडे असे बघू लागला, जणू मी दुसऱ्या पाड्यातून आलेला शत्रू आहे. मित्रांनो, तुमच्याच अंगात तुम्ही परके झालात तर कसे वाटेल? माझे तसे झाले होते. दिवसभर मी अंगणाच्या एका कुडापासून दुसऱ्या कुडापर्यंत फिरायची. गळ्यात काहीतरी अडकले आहे आणि ते बाहेर आलेच पाहिजे, असे सारखे वाटायचे.

एका पहाटे ते बाहेर आले. मी मान ताणली आणि आरवले. आवाज फाटका होता, अर्ध्यात तुटला. मीच घाबरले.

बाईजा चुलीपुढून उठून बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिले, कोंबड्याकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग इकडेतिकडे कुणी ऐकले का ते बघितले आणि हळूच म्हणाली, "गप गो बाय. असं करू नको."

मला समजत होते. पण बांग काही माझ्या हातात नव्हती. कोंबडी आरवली की घरावर संकट येते, तिला त्याच दिवशी कापायचे, असे आमच्याकडे जुनी माणसे मानतात. बाईजाने दोनचार दिवस मला पहाटेच्या वेळी घरात, भाताच्या कणगीमागे ठेवले. तेवढ्याने काय होणार? कुंडलिकने ऐकलेच. कुडापलीकडून तो म्हणाला, "वयनी, ती कोंबडी ठेवू नका. घरात लग्नाची पोरगी हाय."

आणि खरोखरच तेव्हा संजीवनीच्या लग्नाचे चालले होते. ती शहापूरला शिवणवर्गात शिकवायची. तिला बघायला मुरबाडकडून, म्हसा गावाच्या शेजारच्या गावातून पाहुणे येणार होते. मुलाचे नाव आदेश. तो मुरबाडला एका कारखान्यात कामाला होता. दोघांनी एकमेकांना आधी एका लग्नात पाहिले होते, फोनवर बोलणेही झाले होते. संजीवनीला तो आवडला होता. हे मला ठाऊक होते, कारण फोनवर बोलताना ती मोहाखाली येरझाऱ्या घालायची आणि मी तिच्या मागे मागे फिरायची.

पाहुणे आले. आदेश, त्याचे वडील चंदर, आणि चंदरची बहीण गोजर, जिला सगळे गोजर आत्या म्हणत. बाईजाने मला परसात टोपलीखाली ठेवले होते. ओटीवर पोहे झाले, चहा आला. बोलणी चांगली चालली होती, चंदर हसत होता. आणि माझ्या गळ्यात पुन्हा ते भरून आले. मी खूप आवरले मित्रांनो. पायांनी माती उकरली, टोपलीच्या कामट्यांवर चोच मारली. शेवटी टोपली कलंडली, मी धावत अंगणात आले आणि सगळ्यांसमोर आरवले.

गोजर आत्याच्या हातातली बशी तशीच राहिली. "हा कोंबडा हाय का?" तिने विचारले.

कुणी उत्तर देण्याआधी कुंडलिक म्हणाला, "नाय, कोंबडीच हाय. आमी कधीचं सांगतो, कापा म्हणून."

गोजर आत्याने बशी खाली ठेवली. ती उठली. "आमच्या घरी आरवलेली अशी एक. त्या साली आमचा थोरला भाऊ गेला. या घरातली पोरगी मी आमच्यात न्यायची नाय. आधी हिला कापा, मग बघू."

संजीवनीने आदेशकडे पाहिले. तो मान खाली घालून बसला होता. पाहुणे गेले. संजीवनी पोह्यांच्या बशा उचलून आत घेऊन गेली आणि घासायला बसली.

कुंडलिक कोयता घेऊनच आला. "आणा इकडं. पाणी तापत ठेवा, पिसं उपटायला."

मी बाईजाच्या पायाशी होते. तिने मला उचलले. तिने पदर माझ्यावर ओढला. एकीकडे लेकीचे जमत आलेले लग्न, दुसरीकडे मी. ती कुणाला निवडणार हे मला काही वेगळे सांगायला नको होते. मी डोळे मिटले. बाईजा म्हणाली, "भावजी, आज नको. उद्या बघते."

"उद्या काय येगळं होणार हाय?"

"उद्या बघते म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी संजीवनीने मला कापडी पिशवीत घातले. फक्त डोके बाहेर. "आये, हिला काय झालंय ते तरी कळू दे. रोग असला तर बाकीच्या कोंबड्यांना लागेल," ती म्हणाली. बाईजाने पिशवीत मूठभर कण्या टाकल्या. आम्ही जीपने शहापूरला गेलो. माणसांच्या गुडघ्यांत, भाजीच्या पाट्यांशेजारी, मी सारखी मान वळवत होते. मला कुठे नेतात ते कळत नव्हते. मला वाटले, कापायलाच नेत आहेत.

पण ते गुरांचे सरकारी इस्पितळ होते. तिथल्या डॉक्टर, मनस्वीबाई, नुकत्याच एका शेळीचा पाय बांधून हात धूत होत्या. त्यांनी मला टेबलावर घेतले. तुरा पाहिला, पंख उघडून पाहिले, पोट चाचपले. डाव्या बाजूला बोट लागताच मी कळवळले.

"हिने आधी अंडी घातलीत?"

"खूप. पिल्लंसुद्धा काढलीत," संजीवनी म्हणाली. "आता आरवते. ही कोंबडी कोंबडा झाली का, मॅडम?"

"नाही गं. ही कोंबडीच आहे." डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. "बघ, आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. नर की मादी, ते त्यांच्यातल्या एका जोडीवर ठरतं. कोंबड्याकडे दोन्ही सारखी, झेड आणि झेड. कोंबडीकडे दोन वेगळी, झेड आणि डब्ल्यू. कोंबड्याकडून प्रत्येक पिल्लाला झेडच मिळतं, त्याच्याकडे दुसरं काही नसतंच. कोंबडीच्या बीजात झेड गेलं तर कोंबडा, डब्ल्यू गेलं तर कोंबडी. कवच तयार व्हायच्या आधीच हे ठरून जातं."

"म्हणजे आईवर ठरतं?"

"पक्ष्यांमध्ये हो. आपल्या माणसांत उलटं आहे. आपल्यात बापाच्या बीजावर ठरतं. आणि ठरवत कुणीच नाही, कुणाच्या हातात ते नसतंच."

संजीवनीने माझ्या तुऱ्याला बोट लावले. "मग हिला तुरा कसा आला?"

"कोंबडीचं बहुधा डाव्या बाजूचंच अंडाशय काम करतं. उजवं लहानपणापासून तसंच बारीक राहिलेलं असतं. अंडाशयातून एक रस रक्तात जातो, संप्रेरक म्हणतात त्याला. तो असला की पिसं कोंबडीसारखी येतात. हिचं डावं अंडाशय आजाराने खराब झालं असावं. पोट उघडल्याशिवाय खात्री देता येणार नाही, पण लक्षणं तीच आहेत. रस आटला, उजवीकडचा तो बारीक भाग वाढला, आणि अंग कोंबड्यासारखं दिसायला लागलं. आतलं झेड आणि डब्ल्यू मात्र जन्मली तेव्हा होतं तेच आहे. ते बदलत नाही."

"बरी होईल? परत अंडी घालेल?"

"फार क्वचित होतं तसं. मी आशा लावणार नाही. पण हे दुसऱ्या कोंबड्यांना लागत नाही. आता हिला दुखतही फारसं नाही. खाऊ-पिऊ दे."

संजीवनी म्हणाली, "लोक म्हणतात, संकट येतं."

डॉक्टर हसल्या नाहीत. "संकट आधी हिच्यावरच आलंय," त्या म्हणाल्या. "इतकी आजारी पडूनही जगली बिचारी."

मित्रांनो, इतके दिवस मी स्वतःला विचारत होते की मी कोण आहे. त्या टेबलावर मला कळले की मी जी होते तीच आहे. पण त्यामुळे माझी भीती गेली असे समजू नका. कोयत्याला गुणसूत्रे कळत नाहीत.

घरी संजीवनीने आईला सगळे सांगितले. कुंडलिक ऐकत उभा होता. "डॉक्टरीणबाईला काय पोरगी उजवायची नाय," तो म्हणाला. संजीवनी शांतपणे म्हणाली, "आये, तू कापायचं म्हणालीस तर मी तुला अडवणार नाय. पण कोंबडी मारून जमलेलं लग्न मला नको. आणि मान खाली घालून बसणारा नवराही नको."

पुढचे काही दिवस बाईजाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. भाकरी करपायची. ती खाचरावर निघायची, अर्ध्या वाटेवरून परत यायची. मी तिच्या मागे फिरायची, ती मला हाकलायची, आणि लगेच कण्या टाकायची. आम्ही दोघीही नुसत्या फिरत होतो. मग एका सकाळी तिने धुतलेले लुगडे नेसले, मला पिशवीत घातले आणि कुणालाही न सांगता निघाली. शहापूरहून मुरबाडची एसटी धरली, मुरबाडहून म्हशाकडची रिक्षा.

चंदरच्या अंगणात बैल रवंथ करत उभे होते. सुट्टी असल्यामुळे आदेश घरीच होता. बाईजाने पिशवी उघडून मला खाली सोडले. गोजर आत्या दारात आली आणि मागे सरकली.

"घाबरू नका," बाईजा म्हणाली. "कापायची तर तुमीच कापा. माझा हात उठत नाय. हिच्या अंड्यांवर माझं घर चाललंय. आता अंडी देत नाय म्हणून, नि आवाज काढते म्हणून हिला मी कशी मारू? डॉक्टरांनी सांगितलंय, ती कोंबडीच हाय, दुखण्यानं अशी झाली. माझा नवरा गेला तवा मी नांगर धरला. लोक तवाबी म्हणले, संकट येणार. माझ्याकडं बोट दाखवलं. मीबी तशीच हाय म्हणा, हिच्यासारखी. माझी पोरगी माझ्या घरातून येणार, ते घर असं हाय."

चंदरने विचारले, "नांगर धरला तवा बैल कुणाचे होते?"

"माझ्या भावाचे. दिरानं दिले नाय."

आदेश पुढे आला. तो माझ्याजवळ उकिडवा बसला. "त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं," तो म्हणाला. "आत्या, मला या कोंबडीचं काय वाटत नाय. मला संजीवनीशी लग्न करायचंय."

"तुला काय कळतंय?" गोजर आत्या रडवेली झाली. "तू जन्मला नव्हतास. आपली कोंबडी आरवली नि दादा गेला. मी डोळ्यांनी बघितलंय."

तेव्हा चंदर सावकाश म्हणाला, "गोजर, ती कोंबडी आपण त्याच दिवशी कापली होती."

आत्याने दाराची चौकट धरली.

"तूच पिसं उपटली. आठवतंय? आणि दादाला साप त्यानंतर चावला, भात कापताना. कोंबडी मेलेली होती, तरी दादा गेला."

गोजर आत्या उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावून ती रडू लागली. इतक्या वर्षांचे ते रडणे होते. त्यात मी कुठेच नव्हते, माझ्यासारखी ती दुसरी कोंबडीही नव्हती. तिचा भाऊ होता. बाईजा तिच्याजवळ जाऊन बसली. तिने आत्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी बैलांच्या गोठ्याकडे सांडलेले दाणे टिपत होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या गळ्यात काही अडकलेले नव्हते.

शेवटी आत्याने डोळे पुसले. "लग्नाला मी येईन," ती म्हणाली. "पण ही मांडवात दिसता कामा नये."

"हिला कुठं हळद लावायचीय?" बाईजा म्हणाली, आणि चंदर मोठ्याने हसला.

संजीवनीने लगेच होकार दिला नाही. आदेश स्वतः आमच्या पाड्यात आला, मोहाखाली दोघे खूप वेळ बोलले. ती चिडून बोलत होती आणि तो ऐकत होता. मग ती हसली. उन्हाळ्यात लग्न झाले. मला त्या दिवशी शेजारच्या बारकूच्या घरी ठेवले होते. मंगलाष्टका चालू असताना मी तिथून आरवलेच. बारकूची बायको सांगते, की गोजर आत्याने एकदा आवाजाच्या दिशेने पाहिले, हातातल्या अक्षता घट्ट धरल्या, आणि सगळ्यांबरोबर टाकल्या.

आता मी थकले आहे. तुरा एका बाजूला कलला आहे. कुंडलिक अजूनही माझ्याकडे सरळ बघत नाही. आमच्या तरण्या कोंबड्या मला कोणत्या बाजूची समजावे या विचारात पडतात, आणि मग आपल्या कामाला लागतात. मी अंडी देत नाही, बांगही धड देत नाही. तरी बाईजा रोज माझ्यापुढे दाणे टाकते. मित्रांनो, मला तुमच्याकडे एवढेच मागायचे आहे. तुमच्या घरी, गोठ्यात, वर्गात कुणी इतरांपेक्षा निराळे निघाले, तर त्याला लगेच अपशकुन म्हणू नका. त्याला काय झाले आहे ते जाणत्या माणसाला विचारा. आणि काही झाले नसेल, ते तसेच असेल, तर तसेच राहू द्या. त्याचा उपयोग काय, हेही दर वेळी विचारू नका. त्याची काळजी घ्या.

परवाचीच गोष्ट. वरच्या पाड्यातला मंगळ्या एक तांबडा कोंबडा काखेत घेऊन बाईजाकडे आला. ओशाळल्यासारखा उभा राहिला.

"बाय, हा आरवत नाय, भांडत नाय," तो म्हणाला. "मुंगसानं कोंबडी नेली, तवापासून तिची पिल्लं पंखाखाली घेऊन बसतो. लोक हसतात मला. काय करू याचं?"

बाईजा तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून विचारले, "पिल्लं जगली का?"

"समदी जगली."

"मग बसू दे की रे त्याला," बाईजा म्हणाली.